पडद्यावरचे सूर

हल्ली मस्कतमध्ये चार मराठी घरं जमली की एक प्रश्न हमखास निघतो. मुलं व्हिडिओ गेमवर गिटार-पियानो 'शिकतात', ते खरं शिकणं का? आमच्याही घरी तो निघाला, म्हणून जरा इतिहास चाळला.

ही कल्पना तशी जुनीच. १९९० साली निन्टेन्डोला जोडायचा 'मिरॅकल' कीबोर्ड आला. बरोबर पट्टी दाबली की पडद्यावरचं बदक टिपलं जायचं! २००५ च्या 'गिटार हीरो'ने मुलांना वेड लावलं, पण त्या गिटारला तारा नव्हत्याच, होती पाच रंगीत बटणं. २०११ च्या 'रॉकस्मिथ'ला मात्र खरी इलेक्ट्रिक गिटार जोडता आली. खेळ असा वाद्याच्या जवळ सरकत गेला.

आपल्याला यात नवल वाटायला नको. पं. विष्णु नारायण भातखंडे यांनी घराण्यांतल्या चिजा स्वरलिपीत बांधून 'क्रमिक पुस्तक मालिका' छापली, तेव्हाही कागदावरून गाणं येतं का, ही शंका होतीच. पुस्तकाने चिजा जपल्या, घरोघरी पोचवल्या. स्वराचा लगाव मात्र गुरूसमोर बसूनच आला. पडद्यावरून खाली येणाऱ्या रंगीत पट्ट्या म्हणजे तरी काय? चालती-बोलती स्वरलिपीच! बोट वेळेवर पडलं का, एवढं ती सांगते. सूर कसा लागला, हे कान सांगतो.

ओमानचंच उदाहरण घ्या. १९८५ मध्ये सुलतान काबूस यांनी रॉयल ओमान सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा करायचं ठरवलं. तरुण ओमानी मुलं निवडली, शिक्षक आणले, आणि १९८७ मध्ये पहिला कार्यक्रम झालादेखील. शिक्षक आणि सोबत वाजवणारे, दोन्ही होते ना!

आपली अडचण वेगळी. इथे गुरुजी मिळाले तरी कॉन्ट्रॅक्ट संपलं की ते परत जातात आणि पेटीवर धूळ बसते. त्या मधल्या काळात गेमने रोजची बैठक टिकत असेल तर टिकू द्या. मात्र आठवड्यातून एकदा पडदा बंद करून मुलाला नुसतं ऐकून वाजवायला सांगा. आणि गणपतीत पेटीवर बसवा. गेममधलं गाणं ठरल्या लयीतच चालतं. आपली आरती मात्र दुसऱ्या कडव्यालाच धावत सुटते. तिला साथ करता आली, की पोरगं शिकलं म्हणायचं!