काचेत कोण दिसतं? कामगारांचं स्मारक वाचताना

कल्याणहून कर्जतकडे निघालं की पहिलं स्टेशन विठ्ठलवाडी. हा रेल्वेमार्ग १८५६ मध्ये बोरघाटाच्या पायथ्यापर्यंत पोचला. पुढचा घाट चढायला मात्र १८६३ उजाडलं. २५ बोगदे खोदायचे होते. १८६१ च्या सुमारास ४० हजारांहून जास्त मजूर तिथे राबत होते. पटकी, ताप आणि अपघातांत किती गेले? रेल्वेच्या बांधकामावर संशोधन केलेले इतिहासकार इयान केर यांचा अंदाज २५ हजारांपर्यंत जातो.

घाट बांधणाऱ्या जीआयपी रेल्वेनेच १८७८ ते १८८८ या काळात बोरीबंदरचं मुख्यालय उभारलं, म्हणजे आजचं सीएसएमटी. तिथल्या रंगीत काचांत कंपनीचं बोधचिन्ह आहे, पानाफुलांची नक्षी आहे. दर्शनी भिंतीवर संचालकांचे कोरीव चेहरे आहेत. घाटातला मजूर कुठेच नाही.

मग वाटतं, काचेत मजूर दाखवला असता तर न्याय झाला असता का? इथे जरा थांबूया. फ्रान्समधल्या शार्त्र कॅथेड्रलच्या तेराव्या शतकातल्या खिडक्यांत पाव भाजणारे, चांभार, सुतार असे कितीतरी कारागीर दिसतात. या खिडक्या कारागिरांच्या संघांनीच दान केल्या, असं बरीच वर्षं मानलं जायचं. १९९३ मध्ये जेन वेल्च विल्यम्स यांनी त्यालाच आव्हान दिलं. त्या काळी शार्त्रमध्ये असे संघटित संघच नव्हते, आणि या चित्रांतून धर्मसत्तेचा कारागिरांवरचा वचक दिसतो, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे चित्रात दिसणारा आणि चित्र काढून घेणारा एकच असेल, हे गृहीत धरता येत नाही.

काचकामाची रीतही हेच सांगते. काच कापायची, त्यावर रंगाने रेखाटून भट्टीत भाजायची, मग तुकडे शिशाच्या पट्ट्यांत बसवायचे. काम खर्चिक आणि वेळखाऊ. त्यामुळे कुठलंही स्मारक हाती घेताना तीन प्रश्न आधी विचारा: पैसे कोणी दिले? नावं कोणाची आहेत? कोणाची नाहीत?

तिसऱ्या प्रश्नासाठी स्मारकाच्या बाहेर पडावं लागतं. जानेवारी १८५९ मध्ये थकलेल्या मजुरीवरून घाटात दंगल झाली. फॅव्हिएल या कंत्राटदाराने त्याच वर्षी काम सोडलं, सरकारने चौकशी केली. अशा चौकशीच्या कागदांत मजूर निदान पैसे मागताना तरी भेटतो. पण ते लिहिणारा साहेब होता, हे विसरायचं नाही.

आता कल्याणजवळच्या मोहोन्याचं बघा. तिथली एनआरसी ही रेयॉन कंपनी २००९ मध्ये बंद पडली. तिथले कामगार आजही याच पट्ट्यात भेटतात. उद्या कोणी त्यांच्यासाठी रंगीत काचेचं स्मारक करायचं ठरवलं, तर काच नंतर आणा. आधी वही घेऊन जा. कोणत्या खात्यात होता, पाळी किती वाजता सुटायची, पगाराची चिठ्ठी, ओळखपत्र जपून ठेवलंय का, हे विचारा. आणि काचेत काय दिसावं, तेही त्यांनाच ठरवू द्या. घाटातल्या मजुरांना हे विचारायला आपण दीडशे वर्षं उशिरा आलोय. इथे अजून वेळ आहे.