एका पाठामागे अनेक शिक्षक

प्राथमिक शाळेत गणिताचा पाया कच्चा राहिला, की त्याचा दोष मुलांना, पाठ्यपुस्तकाला किंवा वर्गशिक्षकाला दिला जातो. अध्यापन हे एकट्याचे काम आहे, असे त्यामागचे गृहीतक असते. जपानमधील प्राथमिक शाळांनी मात्र शंभराहून अधिक वर्षे वेगळी परंपरा जोपासली आहे. तेथे अनेक शिक्षक मिळून एक पाठ तयार करतात, तो एकत्र पाहतात आणि एकत्र तपासतात. या पद्धतीला ‘जुग्यो केंक्यू’ म्हणतात. ‘जुग्यो’ म्हणजे पाठ व ‘केंक्यू’ म्हणजे संशोधन. मराठीत तिला ‘पाठसंशोधन’ म्हणता येईल.

पद्धतीचे स्वरूप

प्रथम काही शिक्षक मुलांना जड जाणारा एखादा घटक निवडतात. पाठ्यपुस्तकांत त्याची मांडणी कशी आहे, आधीच्या इयत्तेत मुले काय शिकली आहेत व पुढे या घटकाचा उपयोग कोठे होणार आहे, याचा ते अभ्यास करतात. त्यानंतर पाठटाचण लिहिले जाते. शिक्षकाचा मुख्य प्रश्न आणि त्यावर मुलांकडून येऊ शकणारी बरोबर व चुकीची उत्तरे त्यात आधीच नोंदवलेली असतात. एक शिक्षक पाठ घेतो. इतर शिक्षक वर्गात फिरून मुलांच्या वह्या पाहतात. मात्र मुलांना मदत करीत नाहीत. पाठानंतर चर्चा होते आणि अखेरीस विषयाचा एखादा जाणकार आपले मत मांडतो. पुष्कळदा हाच पाठ सुधारून दुसऱ्या वर्गावर घेतला जातो.

पहिलीतील वजाबाकीचे उदाहरण घेता येईल. १३ मधून ९ वजा करताना काही मुले १३ पासून उलटे मोजतात. काही मुले आधी ३ व मग ६ वजा करतात. काही १३ चे १० आणि ३ असे भाग पाडतात, १० मधून ९ काढतात व उरलेला १ त्या ३ मध्ये मिळवतात. १० व ९ यांत एकाचाच फरक असल्याने ही तिसरी रीत येथे मुलांना सहज सुचू शकते. त्याऐवजी १२ मधून ३ वजा करण्यास सांगितले, तर आधी २ व मग १ वजा करणे सोपे वाटते. म्हणजे कोणत्या संख्या निवडल्या, यावर मुलांची विचार करण्याची रीत अवलंबून असते. अशा बारकाव्यांवर जपानी शिक्षक तासन्‌तास चर्चा करतात.

परिणामांचा पडताळा

जेम्स स्टिग्लर व जेम्स हीबर्ट यांनी जपान, जर्मनी आणि अमेरिकेतील आठवीच्या गणिताच्या तासांच्या चित्रफितींवर आधारित पुस्तक १९९९ मध्ये प्रसिद्ध केले. त्यानंतर या पद्धतीकडे जगाचे लक्ष वेधले गेले. कॅथरीन लुईस व रेबेका पेरी यांनी अमेरिकेत शिक्षकांच्या ३९ गटांवर केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. पाठसंशोधनाबरोबर अपूर्णांकांविषयीचे निवडक साहित्य मिळालेल्या गटांत शिक्षकांचे आणि विद्यार्थ्यांचेही अपूर्णांकांचे ज्ञान वाढल्याचे त्यात आढळले.

त्याच वर्षी इंग्लंडमधील १८१ प्राथमिक शाळांत झालेल्या चाचणीचा अहवाल आला. तेथे मात्र गणितात किंवा वाचनात सुधारणा झाल्याचा पुरावा मिळाला नाही. पाठसंशोधन न देता तुलनेसाठी निवडलेल्या काही शाळांतही परस्परांचे तास पाहण्याची प्रथा होती, हे खरे. तरीही ही दोन उदाहरणे शेजारी ठेवली, तर शिक्षकांना केवळ एकत्र बसवणे पुरेसे नाही, असे दिसते. चर्चेला नेमका घटक व त्यावरील कसदार साहित्य यांचा आधार हवा.

महाराष्ट्रापुढील वाट

पाठटाचण व पाठनिरीक्षण हे शब्द मराठी शिक्षकांना नवे नाहीत. अध्यापक विद्यालयातील सरावपाठांत ते प्रत्येकाने अनुभवलेले असतात. मात्र तेथे निरीक्षण होते ते शिकवणाऱ्याचे, आणि तेही गुण देण्यासाठी. पाठसंशोधनात निरीक्षण होते ते मुलांच्या विचारांचे. पाठ सर्वांचा असल्याने तो फसला तरी ठपका एकावर येत नाही.

राज्यात एक-दोन शिक्षकांवर चालणाऱ्या शाळा पुष्कळ आहेत. तेथील शिक्षकाला विषयावर बोलायला सहकारीच नसतो. त्याच्यासाठी केंद्रातील शाळांच्या शिक्षकांची शिक्षण परिषद हे हक्काचे व्यासपीठ आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही शाळा संकुलांची आणि प्रत्येक शिक्षकासाठी वर्षाला किमान ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची शिफारस केली आहे. हे तास परिपत्रकांच्या वाचनात गेले, तर वर्गात काहीच बदलणार नाही. मात्र त्यांतील काही तास अपूर्णांकाच्या किंवा वजाबाकीच्या एखाद्या पाठावर खर्च झाले, तर एका शिक्षकाला गवसलेले मर्म केंद्रातील सर्व शाळांतील मुलांपर्यंत पोहोचू शकेल.