छद्दंत जातकाचे चित्र, अजिंठा

अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यातील सहा सुळ्यांच्या हत्तीचे भित्तिचित्र. काळ साधारण इ.स.पू. पहिले शतक, चित्रकार अज्ञात. भारतात टिकलेल्या सर्वांत जुन्या भित्तिचित्रांत त्याची गणना होते. दहावे लेणे हे हीनयान काळातले चैत्यगृह. त्याच परंपरेतले एक चैत्यगृह जुन्नर तालुक्यात लेण्याद्रीला आहे. पिंपळवंडी, नारायणगावकडचे भाविक गिरिजात्मज गणपतीच्या दर्शनाला डोंगर चढून येतात, तेव्हा शेजारच्याच सहाव्या लेण्यात स्तंभांच्या माथ्यावर त्यांना हत्ती आणि सिंह भेटतात. तिथले हत्ती दगडात घडवलेले आहेत, अजिंठ्याचे रंगात.

कथा अशी : बोधिसत्त्व एका जन्मी सहा सुळ्यांचा गजराज होता. त्याच्या दोन राण्यांपैकी धाकटी सवतीमत्सराने झुरून मेली आणि पुढच्या जन्मी काशीची राणी झाली. पूर्वजन्मीचा राग मनात धरून तिने सोनुत्तर नावाच्या शिकाऱ्याला त्या गजराजाचे सुळे आणायला धाडले. बाण लागल्यावर हत्तीने शिकाऱ्याला चिरडले नाही. त्याच्या अंगावरची काषाय वस्त्रे पाहून क्षमा केली आणि स्वतःच सुळे कापून दिले. ते समोर येताच राणीचे काळीज फाटले. याच लेण्यात श्याम जातकही रंगवले आहे. आंधळ्या आईबापांसाठी पाणी भरणाऱ्या मुलाला त्यात शिकारी राजाचा बाण लागतो. आपल्या श्रावणबाळाच्या कथेची ही सख्खी बहीण.

शिकाऱ्यांच्या कथा सांगणारे हे लेणे पुन्हा उजेडात आणले तेही एका शिकाऱ्यानेच. २८ एप्रिल १८१९ रोजी २८व्या घोडदळाचा अधिकारी जॉन स्मिथ वाघाच्या मागावर येथे पोचला आणि त्याने दहाव्या लेण्यातल्या एका रंगवलेल्या आकृतीवर आपले नाव व तारीख कोरली. तेव्हा आत मातीचा ढीग साचलेला होता, म्हणून ती अक्षरे आज डोक्याच्या वर दिसतात. १८४४ मध्ये अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करण्यासाठी नेमलेला रॉबर्ट गिल हाही वाघाच्या शिकारीसाठी नावाजलेला.

पुढचे योगायोग आगीचे आणि इतर आपत्तींचे. गिलने वर्षानुवर्षे खपून केलेल्या नकलांपैकी बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये जळाल्या. तो पुन्हा कामाला लागला आणि १८७९ मध्ये वारला. त्याची कबर भुसावळला आहे. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी १८७२ पासून अजिंठ्यात राबले. त्यांच्या शंभरहून अधिक नकला १८८५ मध्ये साउथ केन्सिंग्टनच्या आगीत गेल्या. जपानी चित्रकार आराई काम्पो यांनी पहिल्या लेण्यातून उतरवून नेलेल्या प्रती १९२३ च्या कांतो भूकंपात नष्ट झाल्या. नंदलाल बोस यांना सोबत घेऊन अजिंठ्यात नकला करणाऱ्या क्रिस्टियाना हेरिंगहॅम यांचे मन १९११ च्या सुमारास ढळले आणि उरलेले आयुष्य उपचारगृहात गेले. या सगळ्यातून ‘अजिंठ्याचा शाप’ ही कल्पना रुजली.

ती मान्य करण्यासारखी नाही. त्या काळी अजिंठ्याच्या वाघूर नदीच्या निबिड घळीत शिरणारा साहेब बहुधा शिकारीच असायचा. कॅनव्हास आणि तैलरंग पेट घेणारेच. हेरिंगहॅम यांच्या आजाराला शापाचे नाव देणे तर त्यांच्यावर अन्याय आहे. मात्र चित्रे वाचावीत म्हणून केलेल्या नकला जळाव्यात आणि मूळ भिंत दोन हजार वर्षे उभी राहावी, ही गोष्ट चटका लावते.

मूळ चित्राला इजा झाली ती माणसाच्या हातूनच. हौशी प्रवाशांनी नावे कोरली; ग्रिफिथ्सनी चित्रे उठून दिसावीत म्हणून वॉर्निश लावले; १९२० नंतर निजामाने बोलावलेल्या इटालियन तज्ज्ञांनी शेलॅकचे थर चढवले. ते पिवळे-काळे पडले आणि हत्तींचे कळप त्याखाली दिसेनासे झाले. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने १९९९ पासून नवव्या व दहाव्या लेण्यांतले हे थर आणि काजळी उतरवायला घेतल्यावर जुन्या चित्रांचे काही भाग पुन्हा दिसू लागले आहेत.