कोळ्यांची खतावणी

कोळी दिसला की आपण मध्यमवर्गीय माणसं दोनच गोष्टी करतो. केरसुणी तरी शोधतो, नाहीतर मुलांना पडून पडून पुन्हा चढणाऱ्या कोळ्याची ती गोष्ट सांगतो. त्याचं नाव-गाव मात्र कुणी विचारीत नाही.

कुंडलला पावसाळा सरताना झरी पार्श्वनाथाच्या डोंगराकडे निघालात, तर झुडपांतून चाकासारखी गोल जाळी दिसतात. माळ्यावरची जळमटं वेगळी. हा कंपासने आखलेला हिशेबी कारभार. त्यातली एक बाई आठ पाय दोन-दोनच्या जोडीने पसरून मधोमध बसते आणि जाळ्यावर पांढऱ्या रेशमाची नागमोडी फुली काढते. इंग्रजीत हिला 'सहीवाला कोळी'च म्हणतात. सही कशासाठी, यावर शास्त्रज्ञांचं एकमत नाही. कुणी म्हणतात किडे भुलवायला, कुणी म्हणतात पाखरांनी जाळं फाडू नये म्हणून. शिवाय आज चार रेघा, तर उद्या दोनच. आमच्या बँकेत असली सही 'जुळत नाही' असा शेरा घेऊन परत गेली असती!

हिचं शास्त्रीय नाव आर्जिओपी अनसुजा. १८८७ साली थोरेल नावाच्या स्वीडिश पंडिताने ठेवलेलं. स्वीडिश माणूस 'जे'चा उच्चार 'य' करतो, म्हणजे झाली की आपली अनसूया! थोरेलचं स्वतःचं नाव तामेरलान, म्हणजे तैमूर. तैमूरने अनसूयेचं बारसं केलं, हे आम्हाला इतिहासाच्या पुस्तकात कुणी शिकवलं नाही.

पण मला खरा जिव्हाळा आहे तो कार्ल क्लर्कबद्दल. होय, क्लर्क. आडनावच ते. जन्म १७०९, घराणं खानदानी, पैसा बेताचा. उप्सालाचं शिक्षण अर्ध्यावर सोडून सरकारी नोकरी धरली आणि शेवटी स्टॉकहोम शहराच्या कारभारात चिकटला. १७३९ साली त्याने लिनियसचं व्याख्यान ऐकलं. आपण व्याख्यानातून डुलकी काढून घरी येतो. हा गृहस्थ कोळी गोळा करीत सुटला. १७५७ साली स्वीडनच्या कोळ्यांवर त्याचं पुस्तक निघालं. त्यात ६७ जाती, आणि नाव ठेवायची रीत दोन शब्दांची, आधी आडनाव मग नाव.

आता गंमत पाहा. प्राणिशास्त्राचा कायदा असा की नावांची वही १ जानेवारी १७५८ला उघडते, लिनियसच्या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीपासून. त्याआधीचं सगळं बाद. म्हणजे क्लर्कसाहेबांचं पुस्तक थोडक्यात केराच्या टोपलीत जायचं. पण त्याच कायद्यात खास कलम आहे: क्लर्कचं पुस्तकही त्याच तारखेचं धरावं, आणि दोघांच्या नावांत तंटा झाला तर क्लर्कचं नाव वरचढ. मागची तारीख टाकून काम उरकलेलं सगळ्यांनीच पाहिलंय. पुढची तारीख टाकून कारकुनाला न्याय दिल्याचं माझ्या माहितीतलं हे एकमेव उदाहरण.

एरवी या खात्यात जुनं नाव तेच खरं. हा नियम रेल्वेला असता, तर किर्लोस्करवाडी स्टेशनावर अजून 'कुंडल रोड' हीच पाटी असती.

चक्रजाळ्यांच्या मुख्य कुटुंबात आज तीन हजारांवर जाती आहेत. त्यात बेनामी खाती किती उघडली गेली असतील! मादी भलीमोठी, नर चिमुकला. दोघांना वेगळ्या जाती समजून निरनिराळी नावं. काटेरी पाठीच्या कोळ्याचा रंग पिवळ्याचा पांढरा दिसला की आणखी एक नाव. खरी ओळख पटवायची तर सूक्ष्मदर्शकाखाली मादीच्या पोटाखालची अशी जागा पाहावी लागते, की तिचं वर्णन मी घरगुती पुस्तकात करणार नाही. पुण्याच्या केंद्रात काम केलेल्या बी. के. टिकादर यांनी हे किचकट काम केलं आणि भारतातल्या या कुटुंबाचा खंड १९८२ साली काढला.

एवढं करूनही भाऊबंदकी मिटत नाही. रानातल्या थोरल्या नेफिलाचंच घ्या. आधी ती चक्रजाळ्यांत, मग लांब जबड्यांच्या घरात, २००६मध्ये वेगळी चूल, २०१७मध्ये पुन्हा मूळ घरी, २०१९मध्ये परत विभक्त. रेशनकार्डावरचं नावसुद्धा इतक्यांदा कमी-जास्त होत नाही!

जगातल्या कोळ्यांची खतावणी स्वित्झर्लंडमधल्या बर्नच्या संग्रहालयात ठेवतात. २०२२च्या एप्रिलमध्ये तिच्यात पन्नास हजारावी जात चढली. कायदा १७५८ म्हणो; या खतावणीत जुन्या नावांपुढे अजून 'क्लर्क, १७५७' असंच छापतात.