पंखेवाल्यापासून वायरमनपर्यंत

१७ एप्रिल १८९९ रोजी कोलकात्याच्या इमामबाग लेनमधील वीजनिर्मिती केंद्र सुरू झाले आणि शहराच्या इमारतींत एका नव्या कामगाराचा प्रवेश झाला. तोवर कचेऱ्यांत व कोठ्यांत वारा घालण्याचे काम पंखेवाल्याकडे असे. छताला टांगलेला कापडी पंखा व्हरांड्यात बसून दोरीने ओढत राहणे, हेच त्याचे दिवसभराचे श्रम. विजेच्या पंख्याने त्याची रोजी हिरावली. पण त्या पंख्याची निगा राखणारा, जळलेला फ्यूज बांधणारा, पाण्याचा पंप व लिफ्ट चालती ठेवणारा माणूस आता लागू लागला. शहराच्या इतिहासग्रंथांत वास्तुकारांची व धनिकांची नावे सापडतात. या माणसाची नोंद झालीच तर पगारपत्रकात.

कोलकात्यात त्याचे काम विशेष कौशल्याचे ठरले. आरंभीचा पुरवठा डी.सी., म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या प्रवाहाचा होता. पुढे ए.सी. प्रवाह सर्वत्र रूढ झाला, तरी शहराच्या जुन्या भागांत डी.सी. विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत टिकून राहिला. रस्त्यातील केबल वीज कंपनीची असली तरी लिफ्ट, पंप आणि पंखे घरमालकाचे. प्रवाह बदलायचा तर लिफ्टची मोटर, ब्रेकचे कॉइल व नियंत्रक हे सारेच बदलणे आले, आणि तो खर्च सहजी कोणी अंगावर घेत नसे.

डी.सी. मोटरीत फिरत्या कम्युटेटरवर कार्बनचे ब्रश टेकलेले असतात. ते झिजतात, त्यांची भुकटी साचते, ठिणग्या उडू लागतात. कम्युटेटरवर चढलेला तपकिरी, गुळगुळीत थर ही मोटर सुस्थितीत असल्याची खूण. नवशिका तो मळ समजून घासून काढी. घासणे अटळच झाले तर काचकागद वापरायचा, एमरी कागद कदापि नाही, कारण त्याचे कण तांब्याच्या पट्ट्यांमध्ये अडकून शॉर्ट सर्किट होण्याची भीती. या गोष्टी पुस्तकांतही होत्या, परंतु बहुतेकांनी त्या मिस्त्रीच्या हाताखालीच आत्मसात केल्या. आणखी एक धोका असा, की ए.सी. प्रवाह प्रत्येक आवर्तनात दोनदा शून्यावर येतो, त्यामुळे स्विच उघडताच त्याची ठिणगी विझण्यास मदत होते. डी.सी.ला ती उसंत नाही. रेंगाळत उघडलेला स्विच हात भाजून काढी.

विद्येला शिस्त आणण्याचे प्रयत्न यथावकाश झाले. मुंबईत १८८७ मध्ये स्थापन झालेल्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटने तंत्रशिक्षणाचा पाया घातला होता. स्वातंत्र्यानंतर १९५० च्या कारागीर प्रशिक्षण योजनेतून उभ्या राहिलेल्या आय.टी.आय.मधून वायरमन व इलेक्ट्रिशियन देशभर तयार होऊ लागले. १९५६ च्या भारतीय वीज नियमांनी वायरिंगचे काम परवानाधारक कंत्राटदाराकडून व प्रमाणपत्र असलेल्या व्यक्तीच्या देखरेखीखाली करण्याचे बंधन घातले. पश्चिम बंगालमध्ये लिफ्टसाठी १९५५ चा स्वतंत्र कायदा आहे. कायदे चांगलेच होते. परंतु जुन्या इमारतीत लाकडी पट्टीतून नेलेल्या तारांचे रबरी वेष्टन वाळून तडकते, हे कायद्याला दिसत नाही; पट्टी उघडून पाहणाऱ्याला दिसते.

२३ मार्च २०१० रोजी पार्क स्ट्रीटवरील स्टीफन कोर्ट या जुन्या इमारतीला आग लागून ४० हून अधिक माणसे दगावली. त्यानंतर अशा इमारतींच्या सुरक्षिततेची चर्चा वर्तमानपत्रांत झाली. देखभाल करणाऱ्या माणसांविषयी मात्र फारसे बोलले गेले नाही.

एव्हाना इमारतीचा स्वतःचा मिस्त्री दुर्मीळ होऊ लागला होता. त्याच्या जागी वार्षिक कंत्राट आले. लिफ्टला एक कंपनी, पंपाला दुसरी, विजेला तिसरी. सुट्या भागांसाठी व नव्या यंत्रांसाठी ही व्यवस्था निःसंशय सोयीची आहे. अडचण येते ती जुन्या वास्तूत, जिथे तीन पिढ्यांचे वायरिंग एकमेकांवर चढलेले असते. कोणता मेन स्विच पाडला की कोणत्या मजल्याचा प्रवाह खरोखर बंद होतो, याचा नकाशा तिथे बहुधा नसतो, आणि नवा माणूस पेटी उघडण्याआधी निवृत्त वायरमनच्या घरी निरोप धाडतो.