डबा तेवढा परका

आमचे गाव भूम तालुक्यातले. बालाघाटच्या त्या माळरानावर पाऊस बेताचाच. परंतु घरोघरी दुभते असे आणि दारच्या चुलीवर दूध आटत असे. कुंथलगिरीचा खवा नि पेढा सर्वांच्या परिचयाचा आहेच; १९५५ साली आचार्य शांतिसागर महाराजांनी जिथे सल्लेखना घेतली, तेच हे जैनांचे सिद्धक्षेत्र. यात्रेकरूंबरोबर इथला पेढा दूरदूर जाई.

१९७२ साली मात्र पाऊस रुसला. माणसे खडी फोडावयास गेली, मुलांच्या हाती सुकडी आली आणि आमची म्हैस दावणीवरून गेली. त्या दिवाळीत घरात चहापुरतेही दूध नव्हते. मुंबईहून आलेल्या ताईने पिशवीतून गोड घट्ट दुधाचा एक डबा काढला. आजीने बोटभर चाखले नि म्हणाली, "अगं पोरी, हे तर आपलंच आटवलेलं दूध. डबा तेवढा परका!" मग पदराने डोळे पुसून ती रिकाम्या दावणीकडे पाहत राहिली.

पुढे या डब्याचा इतिहास वाचला, तेव्हा आजीचे म्हणणे पटले. अमेरिकेत गेल बोर्डेन याने १८५६ साली दूध आटवण्याचे पेटंट मिळवले. बंद भांड्यातील हवा काढून घेतली की दूध कमी आचेवर उकळते आणि करपत नाही, ही त्यातली युक्ती. १८६१ साली तिथे यादवी युद्ध पेटले, सैन्याला टिकाऊ दूध हवे झाले आणि डब्याचे नशीब उघडले. १८६६ साली स्वित्झर्लंडमध्येही असा कारखाना निघाला.

बोर्डेनला जी अडचण, तीच आमच्या खेड्यांना: दूध नासते आणि बाजार लांब. त्याने यंत्र योजले, आमच्या बायकांनी कढई. सुमारे पाच लिटर दूध आटून किलोभर खवा होतो. तो डोक्यावरच्या पाटीतूनही बाजार गाठतो. धूर मात्र बायकांच्या डोळ्यांत जातो आणि पेटंट कुणाच्याच नावावर नसते.

त्या डब्याला घरचा पर्याय असा. लिटरभर साईसकट दूध जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर ठेवावे. तळ सोडू नये, कडेची साय खरवडून आत घालावी. दूध निम्म्याहून खाली आले की सुमारे १८० ग्रॅम साखर घालावी. आधी घातली तर लवकर लागते. चारशे ग्रॅमच्या आसपास उरले की उतरावे. निवल्यावर ते आणखी घट्ट होते, म्हणून थोडे सैलच असू द्यावे. डब्यात भरपूर साखरेमुळे जंतूंना पाणी मिळत नाही, शिवाय तो हवाबंद असतो. घरचे मात्र थंड जागी ठेवून तीनचार दिवसांत संपवावे.

२०२४ साली कुंथलगिरीच्या खव्याला भौगोलिक मानांकन मिळाले. आता जिल्ह्याचे नावही पुन्हा धाराशिव झाले आहे. आजी असती तर तिला त्या कागदाचे फारसे कौतुक वाटले नसते. तिने एवढेच विचारले असते, "दावणीला म्हैस आहे ना?"