अंधाऱ्या घुमटांची छायाचित्रे

विशाल वास्तूचा अंतर्भाग छायाचित्रात उतरविणे बिकट कार्य होय. कलबुर्गीच्या किल्ल्यातील १३६७ सालची जामा मशीद याची साक्ष देते. सुमारे २१६ फूट लांब व १७६ फूट रुंद अशा या वास्तूस उघडे अंगण नाही. सारा उजेड बाजूच्या कमानींतून आत पाझरतो. रुंदकोनी भिंगात पुष्कळ भाग सामावतो खरा, परंतु जवळचे खांब अवाढव्य भासतात आणि कॅमेरा वर झुकताच उभ्या रेषा कलतात. फ्लॅशचा प्रकाश दुप्पट अंतरावर चौथाईच उरतो. पुढचे खांब पांढरेफटक, मागच्या कमानी काळोखात. म्हणून जाणकार कॅमेरा तिकाटण्यावर समतल ठेवून भिंग दीर्घकाळ उघडे ठेवतात व मंद नैसर्गिक उजेडासच काम करू देतात.

बिदरनजीक अष्टूर येथे, १४३६ साली निवर्तलेल्या अहमदशाह वली बहमनीच्या कबरीतील रंगकाम दाखविण्यास रखवालदार आरशाने सूर्यप्रकाश आत वळवीत आले आहेत. गुलाम याझदानी यांनी बिदरच्या वास्तूंवरील सचित्र ग्रंथ १९४७ साली प्रसिद्ध केला. परंतु १४७२ साली उभारलेल्या महमूद गावानच्या मदरशाचा मोठा भाग १६९६ साली दारूच्या स्फोटात उद्ध्वस्त झाला. छायाचित्रणकला १८३९ साली जगापुढे आली. तो अंतर्भाग कायमचा हरपला.

यास्तव जीर्णोद्धारापूर्वीच सभामंडपाची छायाचित्रे घेऊन दप्तरी जपून ठेवणे हे प्रत्येक देवस्थानच्या महाजनांचे कर्तव्य ठरते.